भूमिकाची माफी

समाजाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सत्कार ठेवला होता, आणि ज्यांनी ठेवला त्यांच्यापैकी एकानेही तो सिनेमा पाहिलेला नव्हता. घ्या! पोरीच्या सिनेमाला जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, एवढं कळलं आणि कमिटीचा ऊर भरून आला. ‘समाजाची सुकन्या’ म्हणून बॅनरसुद्धा छापून झालं. सिनेमा कशावर आहे असं विचारलं तेव्हा भूमिकाने खरं तेच सांगितलं होतं. एक देश असतो, तिथे एका जनरलचं राज्य असतं, गाण्यावर आणि नाचावर बंदी असते आणि तरणी पोरं चोरून नाचतात. अध्यक्ष हेमकांतभाऊ म्हणाले, वा, हुकूमशाहीवर आहे, मग दाखवायलाच पाहिजे.

भूमिकाची आई जसोदाबाई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारणी अभिनंदन करत होत्या आणि ती नुसती मान हलवत होती. खरं सांगायचं तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ही आग आजची नव्हती.

मागच्या वैशाखात पुतणीचं, मोहिनीचं लग्न होतं. त्याच्या दोन महिने आधी कमिटीने सात कलमांचा ठराव केला होता. लग्नात डीजे नको, हळदीत नाच नको, वरातीत मुली-सुनांनी पाय हलवायचा नाही, लग्नाआधी नवरा-नवरीने फोटो काढत हिंडायचं नाही, असं सगळं. आणि हा ठराव प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून वाचायचा. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी घामाने निथळत उभी, वऱ्हाड उपाशी, आणि हेमकांतभाऊंचं आपलं कलम पाच चालू! मांडवामागे पुरुष पत्ते कुटतात, बाटल्या रिचवतात, त्यावर एक कलम नाही हो. समाज बुडतो तो पोरींच्या नाचण्यानेच.

मोहिनीच्या हळदीला भूमिका मागच्या अंगणात मोबाइलवरच्या गाण्यावर नाचली. किती वेळ? पाच मिनिटं. कुण्या मेल्याने व्हिडिओ काढून अध्यक्षांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्नघटिका तोंडावर असताना, निरोप आला की पोरीने हॉलमध्ये येऊन माफी मागावी, नाहीतर समाजातलं कुणी मांडवात पाऊल ठेवणार नाही. भूमिका तयार नव्हती. तिला तयार केलं ते जसोदाबाईने. दोन शब्द बोलून टाक, तुझं काय जातं, मोहिनीचं लग्न मोडशील का, असं म्हणत तिने पोरीचा दंड धरला आणि तिला ह्याच हॉलमध्ये आणून उभं केलं. पोर खाली मान घालून म्हणाली, चुकलं, पुन्हा नाचणार नाही. त्यानंतर ती खरंच नाचली नाही. घरात गाणं लावणं बंद झालं. आईशी बोलणं कामापुरतं राहिलं. हेमकांतभाऊंवरचा राग जसोदाबाईने कसाबसा गिळला, पण स्वतःवरचा राग काही केल्या घशाखाली उतरत नव्हता.

आता खिडक्यांना निळ्या ताडपत्र्या लावून अंधार केला होता. मोहिनीचा भाऊ योगेंद्र लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने आणि भूमिकाने हा सिनेमा मोबाइलवर काढला होता, गावातल्याच केळी पॅक करायच्या शेडमध्ये. जनरल योगेंद्रच झाला होता, आजोबांचा कोट घालून आणि छातीवर सोड्याच्या बाटल्यांची बुचं लावून. सात-आठ पोरं-पोरी कानात इअरफोन घालून नाचत होती. बाहेर शिपाई फिरतात म्हणून गाणं ज्याच्या त्याच्या कानात, आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त पायांचा आवाज. हॉल चिडीचूप झाला. हेमकांतभाऊ शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, काय जुलूम आहे बघा.

मग जनरल गच्चीवर आला आणि फर्मान वाचायला लागला. कलम एक. कलम दोन. शब्द न शब्द तोच! भूमिकाने ठरावाचं छापील पत्रकच उचललं होतं, ‘मुली-सुनांनी’सकट. पहिल्यांदा मागच्या रांगेतली एक म्हातारी फिसकन हसली. मग बायकांची सगळी बाजू हसायला लागली. उपाशीपोटी इतक्या लग्नांत ऐकलेला ठराव, सगळ्यांना तोंडपाठ होता. कलम तीन तर दोन-चार पोरींनी जनरलच्या जोडीने मोठ्याने म्हटलं. हेमकांतभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडायला कलम चार उजाडलं.

त्यांनी दिवे लावायला सांगितले. योगेंद्रने लॅपटॉप मिटला. भाऊंनी माइक हातात घेतला आणि सुरुवात केली. आम्ही शाल घेऊन उभे राहिलो आणि ह्या पोरीने आमच्याच थोबाडीत मारली. तिने आत्ता स्टेजवर यावं, सगळ्यांसमोर माफी मागावी आणि सिनेमा पुसून टाकावा, नाहीतर त्या घराचा उंबरा कुणी ओलांडणार नाही, लग्नाला नाही आणि मयतालाही नाही. भूमिका जागेवर उभी राहिली. असं वाळीत टाकणं गुन्हा आहे, त्याला कायदा आहे, असं ती शांतपणे म्हणाली.

“कायदा तुझ्या बापाला खांदा द्यायला येणार आहे का?” हेमकांतभाऊ म्हणाले.

तिचा बाप, धुडकू, तोवर उठलाही होता. टोपी हातात, कंबरेत वाकलेला, अजून कुणी त्याला उठायला सांगितलंही नव्हतं तरी. त्याने बायकोकडे बघून खूण केली, समजाव तिला. सगळा हॉल जसोदाबाईकडे बघायला लागला. मागच्या वेळी तिनेच समजावलं होतं, आताही तीच समजावेल, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

ती उठली. भूमिकाच्या खुर्चीजवळून ती जाताना पोरीने चटकन आपला दंड मागे ओढून घेतला. आई गं! ते जसोदाबाईच्या काळजात गेलं. ती थांबली नाही, सरळ स्टेजवर चढली. हेमकांतभाऊ समाधानाने बाजूला झाले आणि माइक त्यांनी स्वतःच तिच्या हातात दिला. भल्या घरची बाई, असं काहीतरी ते पुटपुटलेही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

“मी माफी मांगाले उनी शे,” ती घरच्या अहिराणीत म्हणाली. “मागला साले आठेच, ह्याच हॉलमा, मी मन्ही पोरले माफी मांगाले भाग पाडं. तिनी काहीच चूक नव्हती. चूक मन्ही व्हती. भूमिका, माले माफ कर.”

हेमकांतभाऊंनी माइक हिसकावला. धुडकू खालून दात-ओठ खात म्हणत होता, उतर खाली, उतर. ती बिनमाइकचीच बोलत राहिली. कुणी आमच्या दारात येऊ नका, तुमच्यासाठी चहा टाकायचा मलाही कंटाळा आलाय. आणि खांद्याचं म्हणाल तर, नवऱ्याकडे बघत तिने सांगून टाकलं, मी आणि माझी पोर दोघी पुरेशा आहोत. स्वतःच्या तिरडीची व्यवस्था अशी भर सभेत लागलेली ऐकून धुडकू मटकन खुर्चीत बसला.

मग खुर्च्या सरकल्या. कमिटी निघाली, पाठोपाठ पुरुषांची बाजू जवळजवळ रिकामी झाली. जाताना कुणीतरी बॅनरही ओढून काढलं. बायकांतल्या काही उठल्या, नवऱ्यांच्या मागे गेल्या. बऱ्याच बसून राहिल्या. योगेंद्रने कुणाला न विचारता लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर पोरं पुन्हा नाचायला लागली.

जसोदाबाई खाली आली आणि भूमिकाशेजारच्या खुर्चीत बसली. पोर पडद्याकडेच बघत होती.

“इतला येळ लागना तुले, माय?” ती म्हणाली.