मदत निघाली आहे

टेस हॉगेनच्या धंद्यातला पहिला नियम असा, की समोरचं माणूस गटांगळ्या खात असलं तरी हात द्यायचा नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी केलेलं अ‍ॅप त्यांना खरंच वापरता येतं का, हे बघायला ती घरोघर जायची. शेजारी बसायचं, बघायचं, लिहून घ्यायचं. कुठं दाबायचं ते सांगायचं नाही, मान हलवायची नाही, साधा सुस्काराही सोडायचा नाही. आणि माणूस अगदी रडकुंडीला आलं, की ठरलेलं एक वाक्य म्हणायचं, "चूक तुमची नाही, अ‍ॅपची आहे." आठ वर्षांत तिनं हे इतक्यांदा म्हटलं होतं, की तोंड आपलं म्हणत असायचं आणि डोकं कागदावरचा पुढचा प्रश्न शोधत असायचं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी ती डुलुथ शहरातल्या टेकडीवर इर्मा लाहतीकडे गेली. इर्मा चौऱ्याऐंशी वर्षांची. नवरा खाली बंदरात बोटींवर लोखंडाची माती भरायचा, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हातारीनं इस्त्रीचा टेबलक्लॉथ घातला होता आणि वेलदोड्याचा गोड पाव सकाळीच भाजून ठेवला होता.

"आधी कॉफी," इर्मा म्हणाली. "उपाशीपोटी कुणाला नापास करू नये."

"मिसेस लाहती, परीक्षा तुमची नाहीच. अ‍ॅपची आहे."

"आमच्या शाळेतल्या बाईपण असंच म्हणायच्या. छडी मात्र माझ्याच हातावर बसायची."

टेसनं नियमाप्रमाणे कागदावरून वाचून दाखवलं, की हा नुसता नमुना आहे, यातल्या सगळ्या गोष्टी चालतीलच असं नाही. इर्मा तेव्हा पाव कापत होती. "हो हो," ती म्हणाली.

अ‍ॅप एवढंच, की एकटं माणूस घरात पडलं तर लाल बटण दाबायचं आणि मदत यायची. ते बटण कोण्या शहाण्यानं वरच्या कोपऱ्यातल्या तीन बारीक रेघांच्या आत लपवलं होतं. ज्याचा जन्मात कधी पाय घसरला नाही अशाच कुणाचं ते काम असणार. इर्मानं हवामान दाबलं, फोटो दाबले, पुन्हा हवामान दाबलं. अकरा मिनिटं तिचं बोट टॅबच्या काचेवर फिरत राहिलं आणि टेस शेजारी ढिम्म बसून राहिली.

"मीच मठ्ठ आहे," इर्मा म्हणाली.

"चूक तुमची नाही, अ‍ॅपची आहे. ते आवडलं नसेल तर मोकळेपणानं सांगा. पाचपैकी किती मार्क द्याल?"

"पाच."

"मिसेस लाहती, तुम्हाला बटण सापडलंसुद्धा नाही."

"घरी आलेल्या माणसाच्या वस्तूला मी नावं ठेवू? माझी आई वरून बघते आहे."

टेसनं पाच लिहिले. त्या भागातली सगळीच म्हातारी माणसं पाच द्यायची. त्यांच्या या भिडेपायी कित्येक फालतू अ‍ॅप्स बाजारात आली होती.

ती टॅब पिशवीत घालायला लागली, तसं इर्मानं तिचं मनगट धरलं. "पोरी, ही पाटी चार दिवस माझ्याकडे ठेव. वेड रविवारी येतोय." वेड तिचा मुलगा, मिनियापोलिसला असायचा. "उन्हाळ्यात हे बाजारात आलं की तो मला घेऊन देणार आहे. पण म्हणतो, आई, तुला हे चालवता आलं तर राहा घरात. नाही आलं तर मी वृद्धाश्रमात नाव घालतो. मला इथून जायचं नाही गं. थोडा सराव करते."

टॅब मागं ठेवायचा नाही, हा दुसरा नियम. टेसनं दोन्ही नियम एका दमात मोडले. तीन रेघा दाखवल्या, लाल बटण दाखवलं. इर्मानं दाबलं. पडदा हिरवा झाला आणि त्यावर ठळक अक्षरं आली: मदत निघाली आहे. जागचे हलू नका.

"बघ, निघालीसुद्धा," इर्मा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"पायऱ्या चढताना, उतरताना जवळच ठेवायची सवय करा," टेस म्हणाली. हा अ‍ॅपच्या माहितीतलाच सल्ला होता. दारात आणखी एक सांगायचं तिच्या मनात होतं, की हे बटण खोटं आहे, खरोखर पडलात तर फोन करा. पण इर्मा उरलेला पाव कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबत होती, अंगणातल्या पायरीवर बर्फ आहे, कठडा धर, असं बजावत होती. त्या गडबडीत ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, टेस विसरली.

इर्माचं बोट कुठं पडतं ते ऑफिसात दिसायचं. शनिवारी लाल बटण बारा वेळा दाबलं गेलं, रविवारी सकाळी नऊ वेळा. सोमवारी इर्माचा फोन आला. "पास झाले," ती म्हणाली. "वेडसमोर एका फटक्यात दाबलं. म्हणाला, बरं, राहा." टेसला इतका आनंद झाला, की तिनं दुपारी स्वतःसाठी केक आणला.

मंगळवारी सव्वानऊपासून बटण पुन्हा दाबलं जायला लागलं. दोनदा, मग पाचदा, मग थांबून थांबून. टेसनं साहेबांना बोलावून दाखवलं. "बघा माझी म्हातारी. पास झाली तरी अभ्यास सोडत नाही."

"बक्षीस द्या तिला," साहेब म्हणाले.

चार वाजेपर्यंत अठ्ठावन्न वेळा झालं आणि मग थांबलं. बुधवारी काहीच आलं नाही. आता तिची खात्री पटली असेल, असं टेसला वाटलं.

गुरुवारी वेडचा फोन आला. आई मंगळवारी सकाळी तळघराच्या जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. डब्यात आदल्या दिवशीची पत्रं तशीच पाहून पोस्टमननं बुधवारी दुपारी शेजाऱ्याला हाक मारली, तेव्हा ती सापडली. "हातात तुमचा तो टॅब होता," वेड म्हणाला. "माझ्यासमोर जमवलं आणि वेळेला विसरली. माझंच चुकलं. तिचं ऐकायलाच नको होतं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण टेस एवढंच म्हणाली, की फार वाईट झालं. संध्याकाळी वकिलांचा निरोप आला, की लाहती कुटुंबाशी कुणीही बोलू नये. खरं सांगायचं तर तो निरोप वाचून तिला हायसं वाटलं, आणि त्याची तिला पुढं जन्मभर लाज वाटायची होती.

तीन आठवडे ती धड झोपली नाही. मग एका दुपारी ऑफिसात न सांगता, वेडनं इर्माला ठेवलं होतं त्या वृद्धाश्रमात ती गेली.

इर्मा चाकाच्या खुर्चीत, मोटारी लावायच्या जागेकडं तोंड करून बसली होती. अंग निम्मं झालं होतं. टेसला बघून ती आधी ओशाळली.

"तुझी पाटी खराब झाली का गं? पडताना आपटली होती."

"नाही झाली."

"शेजारचा आर्नी बाहेर बर्फ उपसत होता," इर्मा म्हणाली. "फावड्याचा आवाज येत होता मला. हाक मारणार होते. पण पाटीवर लिहिलं होतं ना, मदत निघाली आहे. म्हटलं, निघालेत ते, आर्नीला कशाला तळघरात उतरवा, त्याचे गुडघे दुखतात. मग कुणी येईना. तेव्हा वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून परत दाबलं. परत परत दाबलं. काय चुकत होतं गं माझं?"

टेस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "काही चुकत नव्हतं. तुम्ही अठ्ठावन्न वेळा दाबलंत आणि अठ्ठावन्न वेळा बरोबर दाबलंत. ते बटण खोटं होतं. पलीकडे कुणीही नव्हतं. मी सांगायला विसरले. चूक तुमची नाही, मिसेस लाहती..."

इर्मा तिच्या हातावर थोपटत होती.

"त्या दिवशीपण असंच म्हणाली होतीस," इर्मा म्हणाली. "अगदी हेच."

"या वेळी खरं आहे हो."

"मनाची चांगली आहेस तू. म्हाताऱ्यांना असं सांगावं लागतं, मला कळतं ते."

"मी वेडला सांगते. आत्ता फोन करते. तुम्ही घरी..."

"घर गेल्या बुधवारी विकलं त्यानं. नको सांगूस काही. त्याला वाटेल, मीच तुला पढवलं." तिनं बाजूच्या कपातली पाणचट कॉफी पुढं केली. "घे. छान असते इथली."

टेसनं घोटभर घेतली. फोन पर्समध्येच राहिला.

"आणि एक ऐक," इर्मा हळूच म्हणाली. "पाटीला पाचच मार्क राहू देत हं. माझ्यापायी तिचे कमी करू नकोस."