तीन नंबरची खोली

मैनाबाईला हवी होती ती एवढीच गोष्ट: पाय लांब करून एक झोप. जास्तीचं काही नाही, बाप्पा! पण त्या वर्षी खरेदी केंद्र उघडेना, भाव वर सरकेना आणि मुकुटबनच्या त्यांच्या घरात कापूस आढ्याला टेकलेला. देवघरात कापूस, चुलीमागे कापूस. दोन महिने नवरा-बायको त्या ढिगावर अंग मुडपून पडत होते आणि खाज सुटली की पाळीपाळीनं एकमेकांची पाठ खाजवत होते.

शेवटी मैनाबाईच म्हणाली, "अवो, एक दिवस लॉजवर जाऊन झोपून येऊ."

सदाशिवरावांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. लेकाला, गोपालला, सांगितलं, केळापूरच्या देवीला जातो. देवीला खरंच गेले, घाईघाईनं नारळ फोडला आणि भर दुपारी पांढरकवड्याला हायवेवरच्या एका लॉजसमोर येऊन उभे राहिले. पन्नाशी उलटलेली मैनाबाई पदर तोंडात कोंबून नुसती खिदळत होती.

लॉजमालक हरिसिंगनं दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सामान कुठी हाय?"

"नाय आणलं."

"नवरा-बायकोच हाय ना?"

"तीस वर्सं झाली, बाप्पा! नातू हाय घरी!" सदाशिवराव भडकले. मैनाबाईला हसू आवरेना, ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

हरिसिंगनं किल्ली घेतली, पण त्याचं पाऊल काही उचलेना. "काका, खोली देतो. फक्त जरा समजून घ्या," म्हणाला आणि त्यानं तीन नंबरचं दार उघडलं.

कापूस धबकन पायावर आला! आत पार पंख्यापर्यंत ढीग. खाटेचा एक पाय तेवढा दिसत होता.

"माह्यंबी वावर हाय ना," हरिसिंग ओशाळून म्हणाला. "घर भरलं, मंग खोल्या भरल्या. ही त्यातल्या त्यात रिकामी."

सदाशिवरावांचं तोंड एवढंसं झालं. बायकोनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं, आणि त्याची ही गत! "चाल वं, घरी जाऊ," ते म्हणाले. "तो कापूस तरी आपला हाय."

"तेच तं!" मैनाबाई म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हा आपला नाय! याचा भाव पडो, याले उंदरं लागो, मले काय करायचं हाय?"

तिनं चपला काढल्या, ढिगावर चढली, पाय लांब केले आणि बघता बघता घोरू लागली.

हरिसिंग दारात उभा राहून तिच्याकडं बघतच राहिला. "काका, मावशीले खरंच झोप लागली? मले तं या खोलीत पाय टाकला का धडकी भरते. महिना झाला, डोळ्याले डोळा नाय."

सदाशिवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मुकुटबनले ये एक दिवस," ते म्हणाले. "आमच्या कापसावर तुले मस्त झोप लागन."