आकड्याशेजारची सही

मामाने टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले आणि कागद मधोमध पसरला. बाहेर खिडकीच्या काचा थंडीने पांढऱ्या पडल्या होत्या. आत मात्र तासाभरापासून कोमट समुद्राच्या आणि काइटसर्फिंगच्या, म्हणजे पायाखाली फळी बांधून मोठ्या पतंगाच्या ओढीवर पाण्यावरून सुसाट जायच्या, गप्पा रंगल्या होत्या.

“प्रत्येकाने आपापलं वजन लिहा, काइट त्यावरच ठरते,” मामा म्हणाला. “काइट भाड्याने देणाऱ्या दुकानवाल्या बाईंना आजच कळवायचंय. मागच्या वेळी भाऊजींची काइट बिघडलेली निघाली, तसं आता नको.”

भाऊजी म्हणजे लिफ्ट तपासनीस. पेन आधी त्याच्याकडेच आलं. त्याने झरझर शहात्तर लिहिलं आणि कागद लेकीपुढे सरकवला. गेल्या वर्षीही त्याने शहात्तरच लिहिलं होतं. काट्यावर उभं राहून तर त्याला चार वर्षं झाली होती.

मागच्या वर्षीची ती काइट ठणठणीत होती, हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं. शहात्तर किलोच्या माणसाची काइट त्याला पाण्याबाहेर काढील कशी? चार दिवस तो कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड पायात अडकवून बसला आणि पाचव्या दिवशी दुकानात जाऊन त्या बाईंवर सगळ्यांदेखत ओरडला. बिचाऱ्या बाईंनी माफी मागून भाडं परत केलं. ते आठवलं की अजूनही त्याचे कान तापायचे.

आणि हाच माणूस कामावर मोठा करडा. लिफ्टमध्ये लोखंडी वजनं स्वतः मोजून ठेवणार, आठ माणसं म्हणजे आठच माणसं. एकदा कुणीतरी पाटीवरचा आकडा खरवडून वाढवलेला दिसला, तर याने अख्ख्या इमारतीची लिफ्ट सील केली. तपासणीच्या कागदावर खाडाखोड झालीच, तर चुकलेला आकडा वाचता येईल असा एका रेघेने खोडायचा आणि शेजारी सही करायची, हा त्याचा दंडक. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

चिमणीने बाबांचा आकडा पाहिला. क्षणभर पेनचं टोपण चावलं आणि लिहिलं.

“बावन्न? वा!” मामा खूश झाला. “शाळेत काडी म्हणतात ना तुला? सांग त्यांना आता. आठ चौरस मीटरची काइट घेऊ तुला.”

तपासनिसाच्या हातातला कप तसाच राहिला. दीड महिन्यापूर्वी तापात तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. नर्सने काट्यावर उभं केलं तेव्हा एक्केचाळीस भरली होती, आणि घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. मोठी काइट हलक्या माणसाच्या हाती गेली की काय होतं, तेही त्याने पाहिलं होतं. एका मुलीला वाऱ्याने बोर्डासकट उचलून वाळूवर आपटलं होतं. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

“पोरीला जरा लहानच दे,” तो म्हणाला. “नवशिकी आहे.”

“भाऊजी, जरा लहान म्हणजे किती? अंदाजाने नाही देत. तुम्हीच म्हणता ना, अंदाज लिफ्टबाहेर ठेवून या?”

चिमणी त्याच्याकडेच बघत होती. त्या नजरेत आगाऊपणा नव्हता. मी तुमचं सांगत नाही, तुम्ही माझं सांगू नका, एवढीच विनवणी होती. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. तपासनिसाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“मग कळवू?” मामाने फोन उचलला.

“थांब.”

तो उठला आणि मोरीत गेला. वॉशिंग मशीनमागे काटा उभा करून ठेवलेला होता, वर जुना टॉवेल. तो त्याने हॉलमध्ये आणून फरशीवर ठेवला.

“अहो, हे काय काढलंत मध्येच?” बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली.

तो चपला काढून काट्यावर चढला. पोट आत घ्यायची जुनी सवय, ती त्याने आवरली.

“चिमणे, वाच.”

ती वाकली आणि तशीच राहिली.

“वाच गं. मोठ्याने.”

“चौऱ्याण्णव,” ती हळूच म्हणाली.

मामा हसायला गेला आणि मेव्हण्याचा चेहरा पाहून त्याने फोन खाली ठेवला. तपासनिसाने कागद ओढला, शहात्तरवर एक सरळ रेघ मारली, वर चौऱ्याण्णव लिहिलं आणि शेजारी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही.

“मागच्या वर्षीची काइट चांगली होती,” तो मान खाली घालूनच म्हणाला. “त्या बाईंना फोन मी करतो. मला त्यांची माफी मागायचीय.”

मग चिमणीने अंगातला जाड स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला.

“बाबा, तुम्ही तिकडे तोंड करा. मामा, तूपण. आई, तू आत जा.”

तपासनीस भिंतीकडे वळला. मागे काटा किंचित करकरला. मग कागदावर पेनची एक लांब रेघ ओढल्याचा आवाज आला.

“बाबा, शेजारी सही पूर्ण करायची की नुसती आद्याक्षरं चालतील?”

“पूर्ण,” तो भिंतीलाच म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले.