जास्तीची केबल

म्हाताऱ्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटर नेटवर्कचे सहा स्विच एकाखाली एक जोडले आणि तळाच्या स्विचवरून एक लांब केबल पुन्हा वरच्याला नेली. असं वर्तुळ पुरं केलं की मधला एखादा बंद पडला तरी बाकीच्यांचं अडत नाही.

त्याच ऑफिसात साहेब झालेला जावई चारचौघांत हसला. "सासरेबुवांची हौस. काढा ती जास्तीची केबल."

"लेखी द्या," म्हातारा म्हणाला. जावयाने सही ठोकली. तिसऱ्या स्विचचा पंखा महिनाभर घरघरत होता, पण त्याबद्दल म्हाताऱ्याने चकार शब्द काढला नाही.

आठवड्याने तिसरा बसला, खालचे तिन्ही ठप्प झाले आणि जावयाची नोकरी गेली.

लेक रडत माहेरी आली. "बाबा, ती घरघर तुम्हाला ऐकू येत नव्हती?"

"येत होती," केबल गुंडाळत म्हातारा म्हणाला. "त्याचं हसणंही आलं होतं."