पान्याला दात नसतात

मित्रांनो, माझी ओळख कानांपासून करून द्यावी लागते, कारण मला ते दीडच आहेत. म्हणून मला दीडकान्या म्हणतात. वय नऊ-दहा असावं. ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. गोष्ट सांगणं मला जमेल की नाही, शंकाच आहे. आजवर माझं तोंड दुसऱ्याच कामाला जुंपलं गेलं. तरी प्रयत्न करतो.

माझा जन्म एका भंगाराच्या गोदामात झाला. आम्ही चार भावंडं. मालक आम्हाला दोन दिवस उपाशी ठेवी आणि तिसऱ्या दिवशी मांसाचा एकच तुकडा मधे टाकी. ज्याला तो मिळे त्याची पाठ थोपटली जाई, बाकीच्यांना लाथ. बहुतेक वेळा तो मलाच मिळे. मला त्याचा अभिमान वाटे, हे कबूल केलं पाहिजे.

गोदामामागे फळ्यांचं एक कुंपण होतं, खोलीएवढं. भोवती माणसं दाटीवाटीने उभी राहत. मालक लोखंडी पिंपावर गजाने तीन ठोके देई, आणि तिसऱ्या ठोक्याला दोन कुत्र्यांच्या साखळ्या सुटत. आत दोघे जात. आपल्या पायांनी बाहेर एकच येई. मी अकरा वेळा आलो.

पहिल्या वेळी माझ्यासमोरचा कुत्रा माझ्याहून घाबरलेला होता. त्याने शेपूट पोटाखाली घातली आणि उताणा पडला. आमच्यात याचा अर्थ 'हरलो, सोड' असा असतो. मी मागे सरलो. तशी मालकाने कुंपणावरून गज माझ्या बरगड्यांत खुपसला. एकदा, मग पुन्हा. मी वळलो आणि त्या कुत्र्याचा गळा धरला. त्याची धडपड थांबली तरी मी सोडला नाही. सोडायचं कसं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. बाहेर माणसं ओरडत होती, "वाघ आहे रे, वाघ!"

बाराव्या वेळी समोर एक तरणा काळा कुत्रा आला. त्याने माझा अर्धा कान उपटून काढला, पुढचा पाय चावून मोडला. या वेळी मी उताणा पडलो. मालकाने मला मागच्या पायांना धरून उचललं, भिंतीवर आपटलं आणि मेलो असं समजून तारांच्या ढिगावर भिरकावलं. काल वाघ, आज भंगार. दोन दिवसांनी पोलिसांची धाड पडली. तोवर मी स्वतःचं रक्त चाटून तग धरला.

पोलिसांनी मला जनावरांच्या निवाऱ्यात पोचवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय जोडला. पण लढवलेल्या कुत्र्याला तिथे कायमचं ठेवत नाहीत. आधी त्याला एखाद्या घरी तात्पुरतं पाठवतात. माणसांत राहायला शिकला, तर त्याला कायमचं घर शोधायचं. तिथे कुणाला चावला, तर इंजेक्शन. ते इंजेक्शन बरं होण्यासाठीचं नसतं, मित्रांनो.

एके दिवशी निवाऱ्यातला फुटलेला पाइप बदलायला एक नळदुरुस्तीवाले काका आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तर आमच्या पाइपांसारखाच. जागोजागी जोडलेला." आणि मला घरी घेऊन आले.

दारातच काकू म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय, तो आधी बघा. मग दुसऱ्यांचे कुत्रे सांभाळा."

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"तुमचे दोन महिने मला ठाऊक आहेत. नळालाही तुम्ही दोनच दिवस म्हणाला होता!"

तरी पहिल्या रात्री माझ्या अंगाखाली जुनी रजई घालणाऱ्या काकूच होत्या.

महिना बरा गेला. मग एका सकाळी काकांनी तो नळ खरोखरच दुरुस्त करायला घेतला. त्यांच्या धंद्यातली एक रीत आहे. काम झालं की पाइपवर पान्याने तीन ठोके द्यायचे, म्हणजे वर टाकीजवळ थांबलेल्या माणसाने पाणी सोडायचं. गच्चीवर काकू थांबल्या होत्या. काकांनी ठोके दिले. लोखंडावर लोखंड. एक, दोन, तीन.

मला काका दिसलेच नाहीत. कुंपण दिसलं. मी झेपावलो आणि जे समोर आलं त्यात दात रुतवले. तो काकांचा हात होता. मी मान झटकत राहिलो, कातडं फाटत राहिलं, फरशी लाल झाली, आणि वरून सुटलेलं पाणी उघड्या नळातून आमच्या दोघांवर कोसळू लागलं. काकांनी मारलं नाही. पाना हातात असूनही मारलं नाही. दातांवर दात आवळून ते एवढंच म्हणत राहिले, "झालं, झालं. सोड बाळा." बाळा! माझे जबडे आपोआप सैल पडले.

काकू धावत खाली आल्या. "हाताला काय झालं?"

"पाना निसटला."

"पान्याला दात कधी फुटले?"

काकांनी टॉवेल गुंडाळला आणि दवाखाना गाठला. हाताला चौदा टाके पडले. शनिवारी डॉक्टरीणबाई वही घेऊन आल्या आणि 'कुणाला चावला का?' असं त्यांनी विचारलं, तेव्हाही काकांनी पान्याचंच नाव घेतलं. वहीत 'नाही' लिहिलं गेलं. त्या 'नाही'वर मी जगत होतो.

दोन महिने संपता संपता चित्रकलेचे एक मास्तर मला बघायला आले. सोबत त्यांची पाच वर्षांची मुलगी. ती थेट माझ्याजवळ येऊन बसली. "याचा अर्धा कान कोणी खाल्ला?" असं म्हणून तिने माझ्या कानावर हात ठेवला. तिचा हात काकांच्या मनगटाच्या निम्माही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला कायमचं देण्याचे कागद टेबलावर मांडले होते. त्यांनी सहीसाठी काकांपुढे पेन धरलं. काका त्या इवल्याशा हाताकडे बघत राहिले.

मग त्यांनी बाही वर केली.

"पाना नव्हता बाई. हा चावला. लोखंड वाजलं की याचं भान जातं. मी खोटं बोललो."

मास्तरांनी मुलीला उचलून मागे ठेवलं आणि काकांची गचांडी धरली. "माझी पोरगी इथे बसलीय आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" त्यांनी काकांना भिंतीवर आदळलं. थोबाडीत दिली. काकांच्या ओठातून रक्त आलं.

मी उभा राहिलो होतो. अंगावरचा केस न् केस ताठ, ओठ वर, घशातून आवाज येत होता. मास्तरांची पोटरी माझ्यापासून हातभर अंतरावर. चावलो असतो तर सगळ्यांचाच प्रश्न मिटला असता. काकू कुजबुजल्या, "बस रे." मी बसलो. कसा बसलो, हे मला अजून सांगता येत नाही.

मुलगी रडू लागली. मास्तर तिला घेऊन निघून गेले.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. मग त्यांनी वहीतलं 'नाही' खोडून 'होय' लिहिलं, आणि त्याखाली: 'धन्याला मार बसत असताना बसून राहिला.' इंजेक्शन टळलं. पण काकांचं नाव त्यांनी यादीतून काढलं. माझ्यानंतर त्यांना दुसरं जनावर मिळणार नाही. "लहान मूल नसलेलं घर मिळेपर्यंत राहू दे," त्या म्हणाल्या.

काकू म्हणाल्या, "आम्हीच ठेवला असता हो. पण यांचं पोटच लोखंड ठोकण्यावर."

म्हणून मित्रांनो, मी अजून वाट बघतो आहे. घरात ठोकाठोक असली की काकू मला लांब फिरवून आणतात. बघायला जो येतो, त्याला काका पाणी विचारण्याआधी हात दाखवतात. आतापर्यंत चार जण हात बघूनच परत गेले. मला राग येत नाही. वाईट वाटतं, पण राग नाही.

माझं मागणं एवढंच. माझ्यासारख्याला घरी नेणार असाल, तर आधी विचारा, याला कशाकशाने मारलं होतं. आणि देणारे असाल, तर सगळं सांगा. आमच्याबद्दल लपवलेलं शेवटी कोणाच्या तरी अंगावर उमटतं. खरं ऐकूनही जो पाचवा माणूस खुर्चीतून उठणार नाही, त्याच्यासोबत मी जाईन.