मिठागरातला मधला बांध

मुकादमाचा फोन आला तेव्हा अनुसयाबाई भाकरी थापत होती. "यंदा येऊ नका. मालकानं मिठागर विकलं. सोमवारपासून मुरूम टाकून बुजवणार," एवढं बोलून त्यानं फोन ठेवलासुद्धा.

तांड्यातली माणसं म्हणाली, बरं झालं, पाय तरी वाचतील. खाऱ्या चिखलात पंधरा हंगाम जमीन तुडवून नवरा-बायकोच्या टाचांची पार चाळण झाली होती. पण अनुसयाबाईनं तवा उतरवला अन् पिशवी भरायला घेतली. त्या मिठागरातल्या मधल्या बांधात तिची कोमल होती. तीन महिन्यांची पोर तापानं गेली, तेव्हा गाव तिकडं हिंगोलीत अन् ती खाडी कुठं! तिथंच पुरली. तेव्हापासून दर हंगामाला बाई आधी त्या बांधावर वाटीभर दूध ओतायची, मगच कामाला हात लावायची.

"कनेरगाव नाक्यावरून पाचची गाडी भेटंल. तिच्यावरची मूठभर माती तरी आनते. लेकराला मुरमाखाली एकटं ठिवू व्हय?"

वसराम जागचा हलेना. नवरा म्हणून सोन्यासारखा माणूस, पण अकरा वर्षं एक गोष्ट पोटात दाबून बसलेला. आता ती बाहेर काढणं भाग होतं.

"नको जाऊस, अनुसये. ती तिथं न्हाई."

"काहून न्हाई?"

"ते उधाण आठवतं? खाडीकडचा मोठा बांध फुटला होता..."

आठवत होतं. भर दुपारी पाणी घुसलं, महिन्याभराचं मीठ डोळ्यांदेखत विरघळायला लागलं. अशा वेळी मिठागरात एकच रीत. जवळचा आतला बांध खणायचा अन् त्या मातीनं फुटलेला बुजवायचा.

"मुकादम बोंबलून राहिला होता. जवळ तोच बांध होता. कुदळ माझ्याच हातात. वाटलं, तिच्या अलीकडं थांबू. न्हाई थांबता आलं. मागून तिथं नवा बांध घातला, अन् तू त्याच्यावर दूध ओतत राहिलीस. माझ्या तोंडातून निघंना गं." वसराम ढसाढसा रडायला लागला.

अनुसयाबाई रडली नाही. ती दुपार तिच्या डोळ्यांपुढं आली. पुरुष खणत होते, बायका रांगेनं माती नेत होत्या.

"टोपल्या आमीच वाहिल्या ना त्या दिशी?"

तिचे दोन्ही हात टोपली धरल्यासारखे डोक्याकडं गेले.

"सगळ्या सारख्याच लागल्या ओ मला. एकबी येगळी न्हाई लागली," असं म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं अख्खा तांडा दारात धावून आला.