ढालकरणीबद्दल लोक काय म्हणतात

...मेणाची दाढ अजून कोमट होती, पात्याच्या टोकाला चिकटून राहिलेली — खालची, उजवीकडची — आणि तिच्या माथ्यावरची ती बारीक घळ, जिथे वरच्या दाढेचं टोक येऊन बसायला हवं, ती काही केल्या मनासारखी उतरत नव्हती. तिने दाढ दिव्याखाली धरली, फिरवली, पात्याने केसाएवढं मेण खरवडलं. कोणाचं तरी तोंड. कोणाचं ते तिला कधीच कळत नसे. दातांच्या दवाखान्यांतून इथे साचे येत, सोबतच्या चिठ्ठीवर वय आणि दाताचा रंग, बस्स. इतक्या वर्षांत ती किती तोंडांच्या आत जाऊन आली होती आणि त्यांतला एकही माणूस रस्त्यात समोर आला तर तिला ओळखता आला नसता.

फोन टेबलावर पालथा पडला होता. तो उलटायचा होता, आणि म्हणूनच ती दाढ खरवडत बसली होती, हे तिला कळत होतं.

"तू वाच," नवरा सकाळी म्हणाला होता. "मी नाही वाचणार. मला संध्याकाळी एवढंच सांग, लोक खेळतायत की शिव्या घालतायत."

पडद्यावर खेळायचा तो खेळ कालच बाजारात आला होता. सात जणांची टोळी बर्फाचे डोंगर ओलांडून निघालेली, वाटेत राक्षस, चेटूक, शापित किल्ले, आणि लढाया पटावरच्या — आधी आपली चाल, मग त्यांची, बुद्धिबळात असते तशी. लढायांचं गणित कंपनीतल्या दुसऱ्या लोकांनी मांडलं होतं. पण ते सात जण जे काही बोलतात, भांडतात, मरताना पुटपुटतात, ते सगळं तिच्या नवऱ्याने मागच्या खोलीत बसून लिहिलेलं होतं. तिने त्यातलं अक्षरही पाहिलं नव्हतं. पडद्यावर माणसं पळायला लागली की तिला गरगरतं, आणि तोही अर्धवट काम कोणाला दाखवत नाही. याच्या आधीच्या खेळाच्या वेळी त्याने लोकांची मतं स्वतः वाचली होती, एकूण एक. कोणीतरी लिहिलं होतं, 'यातले संवाद ऐकून दात किडल्यासारखं वाटतं' — तिला जरा हसूच आलं होतं, पण हसायची सोय नव्हती. पुढे कितीतरी दिवस तो घरात तुटक तुटक बोलायचा, जणू प्रत्येक वाक्य आधी कुठेतरी तपासून आणत होता.

तिने दाढ साच्यावर बसवली आणि फोन उलटा केला.

सुरुवातीची मतं तिला अर्धीमुर्धीच कळली. एकाला राग आला होता की केलेली चाल मागे घेता येत नाही — 'बोट घसरलं आणि माझा धनुर्धारी थेट राक्षसाच्या पुढ्यात'. दुसऱ्याने त्याला लिहिलं होतं, बोट सांभाळ, खेळाला कशाला नावं ठेवतोस. कोणी म्हणे उंचावरून मारणाऱ्या चेटकिणींना काही उपायच नाही, कोणी म्हणे आहे, जिन्याच्या आडोशाला थांबा, त्या कंटाळून खाली येतात. बर्फ छान. संगीत छान. चौथा किल्ला अन्यायाचा. तिला बरं वाटायला लागलं. लोक खेळत होते. शिव्या घालत होते त्यासुद्धा खेळता खेळता, आणि हे संध्याकाळी कसं सांगायचं तेही ती मनात जुळवायला लागली... आणि मग ते आलं.

'ती ढालकरीण गप्प करायची काही सोय आहे का?'

त्याखाली उत्तरांची भली मोठी रांग. ढालकरीण म्हणजे टोळीतली एक बाई, जाडजूड, मोठी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहणारी. खेळणाऱ्यांनी एका दिवसात तिचं नाव कटकटी ठेवलं होतं. ती सतत बोलते. लढाई चालू असतानाही बोलते. 'मी आपलं सांगायचं काम केलं.' 'हेही मीच सांगायचं का?' 'बघ बाबा, तुझं तू.' लोकांनी तिची वाक्यं हौसेने उतरवून काढली होती आणि खाली हसणाऱ्या तोंडांचा खच. ती वाचत गेली. अशी वाक्यं काय, कोणीही बोलतं, घराघरांत बोलतात — तिने स्वतःशी म्हटलं, जरा घाईने म्हटलं — आणि मग एकाने लिहिलेलं दिसलं: 'खिंडीत शिरताना ती म्हणते, डावीकडे बघ, उजवीकडे काय, सगळेच बघतात. अरे बाई, डावीकडे भिंत आहे!'

तिने फोन खाली ठेवला.

हे वाक्य घराघरांत बोलत नाहीत. हे तिच्या वडिलांचं वाक्य होतं. सायकलच्या मागे धावत, सीट धरून, धापा टाकत ते म्हणायचे, आणि पुढे तिने ते उचललं, आणि रस्ता ओलांडताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, नवऱ्याच्या पाठीशी तोंड नेऊन ती ते म्हणत आली — किती वर्षं? त्याने कधी उत्तर दिलं नव्हतं. मान डोलावली असेल. तिला वाटायचं, त्याच्या कानावरून जातं सगळं. आणि तो ते गोळा करत होता... दाराआड बसून, एकेक वाक्य, ओल्या पायांनी फिरू नकोस, खुर्ची आत सरकव, हेही मीच सांगायचं का — मी हे थट्टेने म्हणते. मी हसत म्हणते हे. निदान मला वाटतं की मी हसत असते.

"काय गं, आलं का काही?" पलीकडच्या टेबलावरून प्लास्टरवालीने विचारलं. ती साचे ओतायची. दिवसभर कोपरापर्यंत पांढरी असायची आणि तोंड म्हणून बंद नसायचं. नवऱ्याचा खेळ आल्याचं तिला सकाळीच कळलं होतं. हात पुसत ती आली आणि फोन उचलून वाचायलाच लागली. ओढून घेणं बरं दिसलं नसतं.

"अगंबाई!" प्लास्टरवाली हसत सुटली. "हे ऐक, 'तिसऱ्या किल्ल्यात मी तिला मुद्दाम मरू दिलं, जरा शांतता मिळावी म्हणून.' काय माणसं असतात! पण कटकटी आहे हं बया. आमच्या नणंदबाई अगदी. अशी घरात असेल तर मीसुद्धा ढाल टाकून पळून जाईन."

"मी अशी बोलते का?"

हे तिने विचारलं तेव्हा आवाज अगदी साधा राहिला, रंगाची चिठ्ठी कुठे आहे असं विचारावं तसा.

"तू?" प्लास्टरवालीने खरोखर आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. "तू बोलतेस कुठे बाई? सकाळी आल्यावर एक वाक्य, जाताना एक. मीच मेली दोघींचं बोलते."

आणि ती परत आपल्या साच्यांकडे गेली. हे खरं होतं. इथे कोणी ओल्या हातांनी दिव्याला हात लावला तरी ती काही म्हणत नसे. बहिणीला म्हणत नसे, शेजारणीला नाही, आईला तर कधीच नाही. जगात एकाच माणसाजवळ ती बोलायची, भडाभडा, उठता बसता. आणि ते तिला आजवर प्रेमाचंच वाटत आलं होतं, म्हणजे त्याला असं नाव कधी दिलं नव्हतं, पण दुसरं काय असणार... आणि त्याच्या बाजूने ते कसं ऐकू येत असेल याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती, कारण तो काही म्हणालाच नव्हता. आता म्हणाला. हजारो लोकांसमोर म्हणाला.

डबा उघडला तेव्हा फोन वाजला. नवराच.

"काही आलं?"

"आलंय. वाचतेय."

"बरं आहे का, की—"

"संध्याकाळी म्हणाला होतास ना."

"हो. हो, संध्याकाळी." मागे भांड्यांचा आवाज होता, जीव टांगणीला लागला की तो स्वयंपाकघर आवरायला काढतो. त्याचं बोलणं संपलं आणि तिची पाळी आली, आणि तोंडाशी आलेलं 'जेवलास का, का नुसता चहा' तिने आतल्या आत थांबवलं. फक्त बघायला. थांबवल्यावर त्या जागी ठेवायला दुसरं काहीच सापडेना. फोनमध्ये नुसती घरघर.

"हॅलो?" तो म्हणाला. "आहेस ना?"

"आहे."

"मग ठेवू?"

"ठेव."

दुपारी भट्टी तापायला लावली आणि ती पुन्हा वाचायला बसली. आता इतरांची मतं ती सोडून देत होती, बर्फ न् संगीत न् चौथा किल्ला. नजर आपोआप ढालकरीण हा शब्द शोधत होती, गर्दीच्या फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतं तशी. आणि तिच्यावरून भांडण जुंपलं होतं. एकाने तावातावाने लिहिलं होतं की तिला शिव्या देणाऱ्यांना हा खेळ कळलेलाच नाही: पटावर तिच्या शेजारच्या घरात जो उभा राहतो त्याला वार निम्मा लागतो, टोळीत दुसऱ्या कोणाकडेच ही करामत नाही. त्यावर लगेच कोणी लिहिलेलं — हो, पण तिच्या शेजारी उभं राहिलं की चाल एक घराने कमी होते, ते सांग की. जखमा होत नाहीत, पण कुठे पोचताही येत नाही.

हे गणित दुसऱ्यांनी मांडलं, असं तो म्हणाला होता. पण त्यांना कोणीतरी सांगितलं असणार ना, की ही बाई अशी आहे, हिच्याजवळ उभं राहिलं की असं असं होतं.

शेवटच्या खिंडीबद्दल एक लांबलचक मत होतं. तिथे टोळीचा पाठलाग होत असतो, आणि कोणीतरी मागे थांबून फाटक लावून घेतलं तर बाकीचे वेगाने निघून जातात. खेळ आपल्याला विचारतो: ढालकरणीला मागे ठेवायचं, की तिच्यासकट हळूहळू जायचं? लिहिणाऱ्याने आधी तिला ठेवलं होतं, एवढी कटकट, सुटलो म्हणून. 'आणि ती काही बोललीच नाही,' त्याने लिहिलं होतं. 'पूर्ण खेळात पहिल्यांदा ती गप्प बसली. मला वाटलं होतं निदान शेवटी चार शब्द सुनावेल. मग पुढच्या लढाईत सगळे नुसते चालत होते. कोणी काही म्हणतच नव्हतं. मी दहा मिनिटं खेळलो आणि बंद केलं.' त्याखाली कोणीतरी एवढंच लिहिलं होतं: मीसुद्धा.

भट्टीची घंटा वाजली. तिने चिमट्याने ट्रे बाहेर काढला, आणि तो निवायला ठेवून त्याच्याकडे नुसती पाहत उभी राहिली. राग यायला हवा होता. रागाची सगळी तयारी होती, कारणं होती. तो आला असता तर तिला सोपं झालं असतं.

ती घरी पोचली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले होते आणि नवरा ओट्याला टेकून उभा होता, हातात फडकं, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

"बोल."

"खेळतायत," ती म्हणाली. "पुष्कळ लोक खेळतायत."

त्याने श्वास सोडला. "आणि?"

"ढालकरणीवरून भांडतायत."

त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली, मग मोडली.

"कंपनीने तिला काढायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "दोनतीनदा. लोकांना सहन होणार नाही म्हणाले."

"मग?"

"काढून बघितली. बाकीच्यांची तोंडं बंद पडली. काही सुचेचना. परत घातली." मग, तिच्याकडे न बघता, "तुला सांगणार होतो."

"कधी?"

 तिने पाणी ओतून घेतलं, उभ्यानेच प्यायली. विचारायचं ते तिने वाटेत नीट जुळवून ठेवलं होतं — मी खरंच अशी आहे का, तुला असं ऐकू येतं का सगळं — पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"खिंडीत तू काय केलंस? तू स्वतः खेळलास तेव्हा. ठेवलंस तिला की नेलंस?"

त्याने फडकं ओट्यावर पसरलं, नीट सरळ केलं. खोटं बोलायला एवढा वेळ पुरेसा होता.

"दोन्ही करून बघितलं," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. हे लागायला हवं होतं, आणि लागलंही, पण वाटलं होतं तिथे नाही. कारण तो हे म्हणाला त्याच क्षणी तिला कळलं की आपणही करून बघितलंय. कितीदा तरी. दाढ कोरता कोरता, बसच्या खिडकीशी, त्याच्या पाठीमागे स्कूटरवरसुद्धा — तो नसेल तर, मी एकटी असेन तर — एक खोली, एक खुर्ची, ती आत सरकवलेली किंवा नसलेली, कोणाला काही सांगायचं नाही. आणि मग परत येऊन, भाजी चिरता चिरता, डावीकडे बघ म्हटलं होतं.

"फाटक लावल्यावर ती काय करते?" तिने विचारलं.

"कोण?"

"मागे राहिलेली."

"ते खेळात नाही. टोळी पुढे जाते, आपण टोळीबरोबर."

"ते कळलं. पण ती करते काय?"

तो विचारात पडला, खरोखरच, लिहिताना पडायचा तसा; भुवया वर, नजर छताच्या कोपऱ्यात. "नाही सुचलं मला," तो शेवटी म्हणाला. "तिच्या बाजूने कधी गेलोच नाही मी तिथे."

ती खिडकीपाशी गेली. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरं कोणी हातवारे करून दाखवत होतं, ये, ये, अजून ये. तो मागे वाट पाहत होता की ती काहीतरी म्हणेल. तिला त्याचं थांबणं पाठीवर जाणवत होतं. पण ती मनाने खिंडीत होती. फाटकाचा अडसर पडला होता, पलीकडची पावलं बर्फात विरत गेली होती, आणि ढाल भिंतीला टेकवून त्या बाईने खांदा चोळला, मग दुसरा चोळला, आणि एका दगडावर टेकली. पाठलाग करणारे अजून लांब होते. थोडा वेळ होता. डावीकडे भिंत होती, उजवीकडे भिंत होती, आणि बघायला सांगावं असं कोणीच नव्हतं... आणि खिडकीशी उभ्या असलेल्या तिला नवल वाटलं ते याचं, की त्या बाईला घाबरलेलं किंवा रडताना काही तिला पाहता येईना. ती नुसती बसली होती. आता पहिल्यांदा स्वतःशी काय बोलावं, ते शोधत.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली.